व्याह्यांचा धूर

शारापात-एजेंनी उभ्या हयातीत दोन अर्थशास्त्रं शिकवली, आणि दोन्ही एकाच छडीनं. आधीच्या पुस्तकात बाजार हा रोग होता, नव्या पुस्तकात तो औषध झाला. मधल्या काळात देश बदलला, नोटा बदलल्या, शाळेच्या दारावरची पाटीही बदलली. फळा तेवढा तोच राहिला, कारण तो भिंतीत बसवलेला होता. एजेंना या उलथापालथीचं फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या मते कुठल्याही अर्थशास्त्राची पहिली प्रकरणं सोपीच असतात, घोडं पेंड खातं ते पुढं.

नव्या पुस्तकातलं पेंड खाणारं प्रकरण होतं 'बाजाराचं अपयश'. व्यवहार होतो दोघांत, ते दोघं खूश असतात, आणि त्याचा भुर्दंड, नाहीतर फायदा, जाऊन पडतो भलत्याच तिसऱ्याच्या पदरात. त्या तिसऱ्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि वस्तूच्या किमतीत त्याचं नावही नसतं. पुस्तकानं यासाठी नदीकाठचा एक कारखाना दिला होता आणि त्याच्या खालच्या अंगाला एक धुलाई केंद्र. अक-ओरूक गावात कारखाना नव्हता, आणि कपडे ज्याचे तो घरीच धुवायचा. त्यामुळं मुलं हे प्रकरण परीकथेसारखं ऐकायची. धुलाईवाल्याचं पुढं काय झालं, असं एका मुलीनं खरोखरच काळजीनं विचारलं होतं.

त्या वर्षी एजेंना वाटलं, उदाहरण गावातलंच द्यावं. ते शोधायला त्यांना अंगणाबाहेरसुद्धा जावं लागलं नाही.

गाव डोंगराच्या उतरणीवर वसलेलं. सगळ्यात वर अब्दिमोमुनची जर्दाळूची बाग, तिच्या पायथ्याला एजेंचं घर, आणि त्याच्याही खाली, भिंतीला भिंत लागून, एर्गेश-आकेंच्या, म्हणजे एर्गेशदादांच्या, मधपेट्या. जर्दाळू फुलतो मार्चमधल्या नवरोजच्या आसपास. तेव्हा हवेत अजून गारठा असतो, रानातल्या माश्या अंथरुणातून उठलेल्या नसतात. एर्गेश-आकेंच्या माश्या तेवढ्या एजेंच्या घरावरून धडपडत वर जायच्या आणि अब्दिमोमुनच्या बागेत फळ धरायचं. एका वर्षी आके त्याच दिवसांत पेट्या घेऊन दुसरीकडं गेले होते. त्या वर्षी अब्दिमोमुनच्या झाडांना पानं उत्तम आली.

या उपकाराचा एक पैसाही अब्दिमोमुननं कधी दिला नव्हता, आणि आकेंनी कधी मागितला नव्हता. तो मागणं शक्यही नव्हतं, कारण दोघं एकमेकांचे व्याही होते. आकेंची मायराम अब्दिमोमुनच्या थोरल्या मुलाला दिलेली. लग्न ठरलं त्या दिवशी दोघांनी रीतीप्रमाणं एका ताटातली मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज एकमेकांना भरवलं होतं. त्या चरबीचा गुण असा, की ती एकदा घशाखाली उतरली की तक्रार तिथून वर येऊ शकत नाही. त्यानंतर दरवर्षी वरून खाली जर्दाळूची परात यायची आणि खालून वर मधाची बरणी जायची. परात रिकामी परतवायची नाही आणि बरणीही नाही, त्यामुळं ही ये-जा एकदा सुरू झाली ती थांबवायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही ओझी एजेंच्या अंगणातून जायची आणि जाता जाता त्यांचा वाटा तिथं ठेवून जायची. एजेंची त्या प्रकरणाबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार निघाली ती दोन वर्षांपूर्वी, आणि तीही कुणी केली नाही.

झालं असं, की शहरातले व्यापारी म्हणायला लागले, जर्दाळू पिवळाधमक हवा. नुसता उन्हात सुकवलेला जर्दाळू तपकिरी पडतो, म्हाताऱ्याच्या कानासारखा सुरकुततो. लागतो जास्त गोड, पण दुकानात फळ आधी डोळे खातात. पिवळा ठेवायचा तर त्याला बंद खोलीत गंधकाची धुरी द्यावी लागते. अब्दिमोमुननं बागेत तशी एक खोली बांधली. माणूस भला. दिवसा लोक अंगणात बसलेले असतात, चहा पीत असतात, त्यांच्या नाकातोंडात धूर कशाला, म्हणून तो धुरी देऊन खोली उघडायचा ती रात्री, गाव झोपल्यावर. आता त्या खोऱ्यात दिवसा वारा खालून वर चढतो आणि रात्री वरून खाली उतरतो, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. अब्दिमोमुनलाही होतं. पण सौजन्याच्या भरात माणूस वाऱ्याची दिशा बघत नाही.

गंधकाचा धूर जड असतो. तो उतरणीनं पाण्यासारखा खाली यायचा आणि सगळ्या माश्या घरी असताना पेट्यांच्या दारात जाऊन बसायचा.

जुलैतल्या एका सकाळी एजे भिंतीशी चहाची किटली घेऊन गेल्या, तर आके पेट्यांसमोरची जमीन झाडत होते. ही भिंत छातीइतकी उंच होती. एजेंचे यजमान गेल्यावर आणि आकेंची बायको गेल्यावर ती दोघं रोज दोनदा तिच्या दोन बाजूंना उभी राहून चहा प्यायची. सगळं गाव एजेंना एजे, म्हणजे ताई, म्हणायचं, अगदी त्यांच्याहून म्हातारे लोकसुद्धा. आके एकटे त्यांना 'बाई' म्हणायचे, आणि ते अशा सुरात, की म्हणणारा अजून वर्गात उशिरा आलाय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

झाडूखाली काय आहे ते एजेंनी पाहिलं. ओल्या चहापत्तीसारखा मेलेल्या माश्यांचा ढीग होता. त्यांनी विचारलं, हे कधीपासून. आके म्हणाले, माश्या मरायच्याच, कुणी अमरपट्टा घेऊन येत नाही. मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की पेट्या विकायचं ठरलंय. तोक्तोगुलचा सागिनबाय ऑगस्टअखेर ट्रक घेऊन येणार, त्याला शब्द दिलाय. आपण मुलाकडं ओश शहरात जाणार. गुडघ्यांना आता हा उतार झेपत नाही.

"मुलाचं घर कितव्या मजल्यावर आहे?" एजेंनी विचारलं.

"चौथ्या."

"लिफ्ट?"

"आहे. बंद असते."

"मग गुडघ्यांचं काय करणार?"

"एकदा चढीन, बाई. मग वरच राहीन."

एजेंनी त्यांच्याकडं बघितलं. शाळेत बहाणे करणारी मुलं बघून त्यांची नजर तयार झालेली होती. त्या म्हणाल्या, हा गंधक आहे. आके म्हणाले, गंधक कसला, वय आहे. एजेंनी विचारलं, माश्यांचं? त्यावर आकेंनी पियाला भिंतीवर ठेवला आणि आवाज उतरवला.

"मायराम त्या घरात नान भाजते. मी इथं 'धूर' म्हटलं, की तो तिच्या डोळ्यांत जाईल. तुम्ही यातलं अक्षर वर बोलणार नाही. शपथ घ्या."

एजेंनी शपथ घेतली, कारण न घेतल्यास ते पियाला उचलणार नाहीत असं दिसत होतं. पण त्यांचा स्वतःचा चहा गार झाला. भीड भिकेची बहीण, हे खरंच. पण इथं तर भिडेपायी भीक मागायचीही सोय राहिली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबायला दरवर्षी परातभर जर्दाळू. ऑगस्टनंतर या भिंतीच्या पलीकडं कुणी नसेल, हा विचार एजेंनी केला आणि लगेच बाजूला सारला. मग त्यांनी तो पुन्हा केला.

त्या बाई स्वभावानं हार मानणाऱ्या नव्हत्या, आणि नव्या पुस्तकात यावर तोडगा होता. पुस्तक म्हणत होतं, ज्याला किंमत नाही त्याला किंमत लावा. ज्याच्यामुळं दुसऱ्याचा फायदा होतो त्याला फायदा घेणाऱ्यानं मोबदला द्यावा, मग तो उद्योग टिकतो. अब्दिमोमुननं माश्यांचा मोबदला दिला, तर आकेंना पेट्या ठेवणं परवडेल. शपथ धुराबद्दल बोलायची नाही, एवढीच होती. फुलांबद्दल बोलायला कुणाची बंदी?

दुपारी त्या बागेत गेल्या. अब्दिमोमुन जाळ्यांवर फळं पसरत होता, त्याची बायको बुसारा बिया काढत होती. एजेंनी वर्गात शिकवावं तसं सगळं शिकवलं. फूल, पराग, माशी, फळ, मग न मोजलेला फायदा, आणि फायदा घेऊन न दिलेली किंमत. मध्येच एक वाळकी काडी घेऊन त्यांनी जमिनीवर दोन रेघाही काढल्या, एक चढती, एक उतरती. जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं गावाचं कल्याण असतं, असं सांगितलं. अब्दिमोमुन त्या छेदाकडं बराच वेळ बघत राहिला. ऐकता ऐकता त्याचे डोळे पाणावले.

एजेंना हे अपेक्षित नव्हतं. पुस्तकातला बागवाला या जागी घासाघीस करायला लागतो.

"म्हणजे इतकी वर्षं मी व्याह्याच्या कष्टाचं फुकट खातोय," अब्दिमोमुन म्हणाला. "आणि तो बिचारा वर बरणी पाठवतोय."

एजे म्हणाल्या, तसं अगदी नाही, पण काहीतरी ठरवून वार्षिक असं… त्याचं लक्ष नव्हतं. व्याह्याला ठरवून पैसे देणं म्हणजे त्याला गडी समजणं. गड्याला मजुरी असते, व्याह्याला मान असतो, एवढं शारापात-एजेंसारख्या शिकलेल्या बाईला कळू नये याचं त्याला नवल वाटलं, पण तो ते बोलला नाही. त्यानं मनाशी ठरवलं, की हंगाम संपताना व्याह्यांना बोलावून जंगी मेजवानी करायची, मेंढा कापायचा, शहरातून भरजरी चोगा आणायचा, आणि सगळ्या गावासमोर तो त्यांच्या खांद्यावर घालायचा. जमलं तर सोबत एक शिंगरूही द्यायचं.

आता या सगळ्याला पैसा लागतो, आणि पैसा पिवळ्या जर्दाळूला मिळत होता. आठ दिवसांत अब्दिमोमुननं धुरीची दुसरी खोली उभी केली. बागेत सपाट जागा तेवढी खालच्या टोकाला होती, म्हणून ती तिथं बांधली, थेट एजेंच्या भिंतीला लागून. भिंतीवरून वाकून त्यानं एजेंना आनंदानं सांगितलं, की ही खोली खास व्याह्यांच्या मानासाठी आहे, आणि याचं पुण्य एजेंना.

ते पुण्य दुसऱ्याच पहाटेपासून खाली उतरायला लागलं.

एजेंना खोकला तसा दोन वर्षांपासून होता. त्या तो खडूवर ढकलायच्या. इतकी वर्षं फळा पुसला, छातीत आता पांढरी माती साठली असणार, असं त्यांचं मत होतं. जुलैत शाळा बंद असते आणि खडू कपाटात असतो, ही गोष्ट त्यांच्या तर्कात कुठंतरी निसटली होती. आता खोकला वाढला. आणि भिंतीपलीकडं आकेंना झाडू कमी पडायला लागला, ते फावडं घेऊन आले. त्यांनी दोष दिला नाही. फक्त एकदा चहा ओतून घेताना म्हणाले, की व्याह्यांना अचानक आपला फार पुळका आलाय, असं मायराम सांगत होती. बाईंना काही कल्पना?

बाईंना कल्पना होती. त्या घरात गेल्या आणि पुस्तकातलं ते प्रकरण काढून पुन्हा वाचलं. पुस्तकाचं काही चुकलेलं नव्हतं. त्यांनी भल्याची किंमत सांगितली होती आणि बुऱ्याची झाकली होती, आणि अर्धी किंमत सांगितलेला बाजार अर्धाच वागतो असं नाही, तो पुरताच वेडा होतो. शिवाय पुस्तकानं गृहीत धरलं होतं, की दोन माणसं समोरासमोर बसून आपापलं दुखणं बोलू शकतात. हे पुस्तक लिहिणाऱ्याला बहुधा व्याही नसावेत. किंवा असतील, पण दूरच्या गावात.

मेजवानी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, भर दुपारी, जर्दाळूच्या सावलीत. दस्तरखान पसरला होता. त्यावर नानच्या चळती, पुलाव आणि वाडगाभर मध होता, आणि मधाकडं बोट दाखवून अब्दिमोमुन येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, की हे खरं सोनं. आकेंना मानाच्या जागी बसवलं आणि मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढं ठेवलं. एजेंची जागा त्यांच्यापासून तिसरी होती. चोगा निळा होता, त्यावर सोनेरी वेलबुट्टी होती, आणि तो आकेंना दोन बोटं लांब होत होता. अब्दिमोमुन तो त्यांच्या खांद्यावर घालून दोन शब्द बोलला, ते अर्ध्या तासात संपले.

मग आकेंची पाळी आली. त्यांनी अब्दिमोमुनचे आभार मानले, घराला बरकत मागितली, आणि मग सावकाश सांगितलं, की आपण आता ओशला चाललो, पेट्या विकल्या, पुढच्या आठवड्यात ट्रक येतोय, सगळ्यांनी दुवा द्यावी. गुडघे, म्हणाले.

पंगतीत कुणी चावेना. अब्दिमोमुनचा चेहरा असा झाला, की जणू त्याचा चोगा कुणीतरी परत फेकला होता.

"माझ्याकडून मानात काही उणं पडलं का?"

"छे छे," आके म्हणाले. "उलट."

अब्दिमोमुनला वाटलं, ही उणं पडल्याचीच खूण. त्यानं शिंगराची गोष्ट काढली. आकेंनी शिंगराचं कौतुक केलं. त्यानं दुसऱ्या चोग्याची गोष्ट काढली. आके मेंढ्याच्या कानाकडं बघत राहिले. दोन भली माणसं एकमेकांना मान देत देत खड्ड्यापर्यंत आली होती, आणि आधी तुम्ही, आधी तुम्ही, असं चाललं होतं.

एजेंना खोकला आला. तो खराच आला. आणि तो येत असताना त्यांच्या लक्षात आलं, की या सगळ्या हिशेबात आपण दोन उदाहरणांच्या मधोमध राहतो, आणि आपलं नाव आपण एकदाही फळ्यावर लिहिलेलं नाही.

"अब्दिमोमुन," त्या म्हणाल्या, "तुझ्या व्याह्यांना काही बोलायचं नाहीये. मला बोलायचंय. मी तुझी कुणी लागत नाही, म्हणून बोलते. तुझा गंधकाचा धूर रोज रात्री माझ्या घरात येतो. मला त्याचा त्रास होतो."

अब्दिमोमुननं त्यांच्याकडं बघितलं. "दोन वर्षं झाली, एजे. बोलला का नाहीत?"

"तू दरवर्षी परात पाठवतोस."

कुणीतरी हसलं आणि लगेच पुलावाकडं वळलं.

"पण मी तर रात्री सोडतो," अब्दिमोमुन म्हणाला. "कुणाला त्रास नको म्हणून."

"रात्री वारा कुठून कुठं जातो?"

त्यानं उत्तर द्यायला हात उचलला, वर डोंगराकडं, आणि तो हात हळूहळू खाली आणला. आधी बाग, मग एजेंचं छप्पर. तिथं हात थांबायला हवा होता. पण उतार तिथं थांबत नव्हता. पंगतीतली सगळी डोकी त्या हाताच्या मागोमाग वळली आणि मधपेट्यांवर येऊन ठेपली.

व्याह्यांना विचारणं शक्य नव्हतं, आणि व्याह्यांनी सांगणं शक्य नव्हतं. अब्दिमोमुननं आके शेजारी बसलेले असताना, त्यांच्याकडं न बघता, एजेंना विचारलं:

"एजे, तुमच्या अंगणात… माश्या मरतात का?"

एजेंच्या अंगणात आयुष्यात एकही मधपेटी नव्हती.

"मरतात," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. आधी झाडूनं काढत होते, आता फावडं लागतं."

आके कानाचा तुकडा कापत होते. तो त्यांनी फार बारीक कापला. पण त्यांचे खांदे त्या लांब चोग्यात थोडे खाली आले. पाठीवरची गोणी कुणीतरी मागून उचलून धरली, की येतात तसे.

मग अब्दिमोमुन म्हणाला, की बुसारालाही रात्री ठसका लागतो, तो आपण लाल मिरचीचा समजत होतो. उद्यापासून खोली दिवसा उघडायची. धूर वर डोंगराकडं जाईल. तिथं मोबाईलचा मनोरा तेवढा आहे, आणि तो कुणाचा व्याही नाही. खालची खोली पाडायची. माल कमी निघाला तर निघाला, उरलेला उन्हात सुकवू. व्यापारी तोंड वाकडं करतील, त्यांना करू दे.

बुसारा मात्र हिशेबाची पक्की होती. ती म्हणाली, सगळं ठीक, पण आके तर गुडघ्यांमुळं चाललेत ना? धूर थांबला म्हणून ते कशाला थांबतील? आणि ते गेले तर गेले, बागेला दुसरा कुणी माश्या आणून ठेवील. एजेंचं त्यात काय जातंय?

प्रश्न सरळ होता. पंगत एजेंकडं बघायला लागली, आणि या वेळी आकेंनीही मान वर केली. एजेंनी आयुष्यभर असे प्रश्न स्वतः विचारले होते आणि उत्तराची वाट बघत छडी टेबलावर आपटली होती.

"माझं नुकसान आहे."

"कसलं?"

"मोजता आलं असतं तर कधीच सांगितलं असतं," एजे म्हणाल्या, आणि नानचा तुकडा मोडून मधात बुडवला.

आके त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीशी चहा झाला, त्यात हवेची चर्चा झाली, अब्दिमोमुननं खोली पाडली त्या धुळीची झाली. सकाळचा ढीग आधी मूठभर झाला, मग चिमूटभर, मग नेहमी मरतात तेवढ्याच माश्या मरायला लागल्या. पेट्या विकल्याची गोष्ट कुणी काढली नाही, आणि ट्रकची तर नाहीच.

त्यामुळं सागिनबाय जेव्हा दोन घाट ओलांडून, रिकामा ट्रक खडखडवत अक-ओरूकला पोचला, तेव्हा त्याला दारात उभे असलेले आके दिसले आणि त्यांच्यामागं शिजत असलेल्या मांसाचा वास आला. सागिनबाय जाणता माणूस होता. न मागता मांस शिजतंय म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे त्यानं ट्रकमधून उतरायच्या आधीच ओळखलं.

आकेंनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं, की पेट्या विकायच्या नाहीत. शब्द मोडतोय, माफी असावी.

"हे फोनवर सांगायचं होतं."

"शब्द फोनवर मोडत नसतात. समोर बसवून, खाऊ घालून मोडायचे असतात."

"म्हणजे मोडलेला शब्द न्यायला मी तोक्तोगुलहून ट्रक घेऊन आलो."

एजे भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की सगळ्यांचं भलं झालं. अब्दिमोमुनचं झालं, माश्यांचं झालं, त्यांच्या खोकल्याचं झालं. आणि या आनंदाचा भुर्दंड घाट चढत, इंजिन तापवत, दिवसभर या गावाकडं येत होता, ते त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. प्रकरण शिकवणाऱ्या त्याच.

आके पाहुण्याला नुकसान विचारावं की न विचारावं या संकोचात होते, एजे आपण कोण बोलणार या संकोचात. पण सागिनबायला संकोच नव्हता. तो या गावात कुणाचाही काही लागत नव्हता.

"मी परका आहे, म्हणून स्पष्ट सांगतो," तो म्हणाला. "डिझेल गेलं, दिवस गेला, आणि बायकोनं तिकडं पेट्यांसाठी जागा साफ करून ठेवलीय. मी रिकामा गेलो तर ती मला त्या जागेवर बसवील."

एर्गेश-आकेंना इतकं झटपट उत्तर देताना एजेंनी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, दोन पेट्या घेऊन जा, तुझ्या हातानं निवड. सागिनबायनं हात पुसले, प्रत्येक पेटीला कान लावला, आणि आकेंनी स्वतः ज्या दोन निवडल्या असत्या त्याच निवडल्या. आकेंना ते झोंबलं, पण त्यांचा सागिनबायबद्दलचा आदर वाढला. सागिनबायचा चेहरा सैल झाला आणि तो म्हणाला, आता जेवायला हरकत नाही.

जेवण झालं तरी त्याला निघता येईना. माश्या दिवसभर बाहेर असतात. सगळ्या परतल्याशिवाय पेटीचं दार लावता येत नाही, नाहीतर निम्मं कुटुंब मागं राहतं. म्हणून तो ट्रकच्या सावलीत आडवा झाला. आके दोन पेट्यांसमोर चटई टाकून बसले. एजे भिंतीला वळसा घालून, फाटकातून आत आल्या आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही.

ऊन उतरायला लागलं. माश्या वरून, बागेकडून, एकेकट्या यायला लागल्या.

"त्या दिवशी नुकसान म्हणालात," आके पेटीकडं बघत म्हणाले. "ते खोकल्याचं ना?"

"खोकला बरा झालाय."

"हो. ऐकू येत नाही हल्ली."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तरी?"

"तरी," एजे म्हणाल्या.

आकेंनी मान हलवली. आपल्या बाजूची चटई सरळ केली, आणि एजेंच्या बाजूची दुमडली होती, तीही सरळ केली. दारात माश्यांची गर्दी वाढली होती. अजून बऱ्याच यायच्या होत्या.